कथा, चित्र आणि निवेदकाचा आवाज

मुलांसाठी पुनर्कथन केलेल्या सचित्र पुस्तकांची आपल्याकडे जी अल्पस्वल्प समीक्षा होते, ती बहुधा ‘भाषा सुबोध, चित्रे आकर्षक’ एवढ्यावरच थांबते. ह्या सौजन्यात मूळ कथेचे काय झाले, हा प्रश्न अनुच्चारित राहतो.

लोककथा काय किंवा बायबलकथा काय, ती जगते सांगणाऱ्याच्या बोलीत. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांना हे मर्म उमगले होते. १६१६ साली रोमन लिपीत छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त त्यांनी बायबलाची कथा ओवीत बसविली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. श्रोत्याच्या कानाला परकी वाटू नये, म्हणून कथेने येथे घर बदलले. गाभा बदलला नाही. गोव्याचेच चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्यांनी मरियेला साडी नेसविली, तेव्हा रंगरेषांत हेच घडले.

ह्याच्या उलट दिशेचे उदाहरण अधिक बोलके आहे. मेरी फ्रिअर ह्यांचे ‘ओल्ड डेक्कन डेज’ १८६८ साली लंडनहून निघाले. त्यातील हिंदू लोककथा सांगणारी ॲना लिबेराता डिसोझा ही फ्रिअर कुटुंबातील ख्रिस्ती आया. आजा गोव्याजवळ ख्रिस्ती झालेला, पण कथा आजीकडून आलेल्या. धर्म बदलला तरी गोष्टी घरातून गेल्या नाहीत! फ्रिअरबाईंनी प्रत्येक कथा लिहून तिला पुन्हा वाचून दाखविली आणि ॲनाचे स्वतःचे निवेदनही ग्रंथात घातले. चित्रे संकलनकर्तीच्या बहिणीची. असे असूनही पुस्तक ओळखले जाते ते फ्रिअर ह्या नावानेच. ते असो.

त्यातील पहिल्याच कथेत जादूगाराचा प्राण पोपटात असतो, आणि शेवटी त्या पोपटाचे एकेक अंग तोडले जाते. आजीच्या तोंडी हे भयंकर असूनही सुसह्य होते, कारण तिचा हात मुलाच्या पाठीवर असतो. छापील पानावर तो हात नसतो. चित्रकाराने येथे काय दाखवावे? आजची बहुतेक पुस्तके भयच गाळतात. नोहाच्या तारवातून जिराफ हसत डोकावतो. बुडालेले जग मात्र चित्राच्या चौकटीबाहेर राहते. मग देवाने शेवटी इंद्रधनुष्याची खूण का दिली, हे मुलाला उमगावे कसे?

दिल्लीच्या मयूर विहारासारख्या वसाहतीत हा प्रश्न केवळ रसिकतेचा उरत नाही. उत्तर गुरुवायूरप्पन मंदिराच्या परिसरात मल्याळम आणि हिंदी कानी पडत वाढणाऱ्या मराठी मुलाची आजी पुण्याला किंवा नागपूरला असते. चिमणी-कावळ्याची गोष्ट त्याला भेटते ती पुस्तकातच. तेथे कावळा गोंडस काढला आणि त्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाण्याऐवजी नुसते भिजले, तर चिमणीचे दार न उघडणे त्याला निव्वळ उद्धटपणा वाटेल.