वचनाचा वारस कोण?

ख्रिस्ती धर्मग्रंथाचे दोन भाग आहेत. त्यांपैकी पहिला, आणि विस्ताराने पुष्कळच मोठा, भाग मूळचा ज्यू लोकांचा. त्यांनी तो हिब्रू भाषेत रचला, शतकानुशतके जपला आणि आजही त्यांच्या सभास्थानांत तो वाचला जातो. ख्रिस्ती लोक त्यास 'जुना करार' म्हणतात, आणि या नावातच एक दावा सामावलेला आहे. करार जुना झाला, त्याच्या जागी नवा आला. सबब जुन्या करारात इस्राएलास दिलेली अभिवचने आता ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांकडे आली, असा हा दावा होय. परमेश्वराच्या मनात काय आहे हे सांगण्याचा अधिकार आमच्यासारख्या तिऱ्हाइतास नाही. परंतु ज्या लेखाच्या आधारे दावा केला जातो तो लेख कोणासही वाचता येतो, आणि लेखातून मागणी सिद्ध होते की नाही हे पाहणे हा वकिलाचा नित्याचा उद्योग आहे. तेवढ्याच मर्यादेत हा विचार केला आहे.

प्रथम मूळ लेख पाहू. 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायापासून परमेश्वर अब्राहामाला जे देऊ करतो त्याची स्थूलमानाने तीन कलमे पडतात. त्याची संतती मोठे राष्ट्र होईल. त्या संततीस कनान देशाची भूमी मिळेल. आणि त्याच्या द्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांस आशीर्वाद लाभेल. पंधराव्या अध्यायात या वचनावर विधिपूर्वक शिक्कामोर्तब होते. पशूंचे दोन भाग करून समोरासमोर ठेवले जातात आणि त्यांच्यामधून धूर व ज्वाला या रूपाने केवळ परमेश्वर जातो. अब्राहाम जात नाही. म्हणजे बांधला जातो तो देणारा, घेणारा नव्हे. कायद्याच्या भाषेत हा देवघेवीचा करार नसून दानपत्र आहे. दुसरी गोष्ट अशी की तिन्ही कलमांचे लाभार्थी एक नाहीत. पहिली दोन संततीसाठी आहेत, तिसरे अखिल मानवजातीसाठी आहे. दाव्यातला बहुतेक घोटाळा या भेदाकडे दुर्लक्ष केल्याने उत्पन्न झाला आहे.

आता पूर्वपक्ष. चर्चच्या पंडितांचा पहिला युक्तिवाद जप्तीचा आहे. सीनाय पर्वतावर मोशेच्या हस्ते इस्राएलास नियमशास्त्र मिळाले तेव्हा आज्ञापालनाची अट घालण्यात आली होती. इस्राएलाने ती वारंवार मोडली, हे त्यांचेच संदेष्टे सांगतात. शेवटी ख्रिस्तालाही नाकारले. म्हणून हक्क गमावला. वरवर पाहता हा युक्तिवाद बळकट वाटतो, परंतु त्याचे खंडन खुद्द पौलानेच करून ठेवले आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की मनुष्याचे मृत्युपत्रदेखील एकदा कायम झाले म्हणजे कोणी त्यात भर घालीत नाही वा ते रद्द करीत नाही. मग चारशे तीस वर्षांनी आलेले नियमशास्त्र अब्राहामास दिलेले वचन कसे रद्द करील? पौलास यातून एवढेच सिद्ध करावयाचे होते की अन्य राष्ट्रीयांना वचनाचा लाभ मिळण्यासाठी नियमशास्त्राचे जू मानेवर घेण्याची गरज नाही. परंतु युक्तिवाद हे दुधारी शस्त्र आहे. मागाहून आलेल्या नियमशास्त्राने वचनात अट शिरत नसेल, तर त्या नियमशास्त्राच्या भंगाने वचन जप्त तरी कसे होईल? जप्तीचा पक्ष स्वीकारावयाचा तर पौलास सोडावे लागते, आणि पौलास धरावयाचे तर जप्ती सोडावी लागते.

दुसरा युक्तिवाद व्याकरणाचा आहे, आणि तो पौलाचाच. त्याच अध्यायात तो म्हणतो की वचन 'संतानास' दिले आहे, 'संतानांस' नव्हे. एकवचन आहे, म्हणून ते एकट्या ख्रिस्ताविषयी होय. येथे पौलाविषयी सर्व आदर ठेवूनही हरकत घ्यावी लागते. हिब्रूतील 'झेरा' हा शब्द 'बीज' या अर्थाचा समूहवाचक शब्द आहे. त्याचे रूप एकवचनी असले तरी अर्थ संततीसमूहाचा असतो. हेच संतान भूमीवरील धुळीसारखे आणि आकाशातील ताऱ्यांसारखे अगणित होईल, असे उत्पत्तीचे तेरावे व पंधरावे अध्याय सांगतात. एकाच व्यक्तीस ताऱ्यांची उपमा लागू पडत नाही. पुढे त्याच अध्यायाच्या अखेरीस जे ख्रिस्ताचे ते सर्व अब्राहामाचे संतान, असे म्हणताना पौल स्वतःच हा शब्द समूहवाचक धरतो. रब्बींच्या पाठशाळेत असा शब्दच्छल मान्य होता आणि पौल त्याच पाठशाळेचा विद्यार्थी होता; परंतु मूळ वारसास घराबाहेर काढण्यास असा आधार पुरेसा नाही.

तिसरा आधार इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा. त्याचा अज्ञात लेखक संदेष्टा यिर्मया याचा नव्या कराराविषयीचा उतारा देतो आणि त्यावरून पहिला करार जीर्ण झाला असा निष्कर्ष काढतो. न्यायालयात असा दस्तऐवज पुढे आला म्हणजे आम्ही तो पूर्ण वाचावयास मागतो. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात हा नवा करार इस्राएल व यहूदा या घराण्यांशीच व्हावयाचा आहे. आणि उतारा जेथे थांबविला आहे त्याच्या लगेच पुढे, सूर्यचंद्राचा क्रम चालू आहे तोवर इस्राएल राष्ट्र म्हणून नाहीसे होणार नाही, अशी ग्वाही आहे. अर्धाच दस्तऐवज वाचून मिळविलेला हुकूमनामा अपिलात टिकत नाही.

मग ख्रिस्ती श्रद्धावंतांचा या वचनावर काहीच हक्क नाही काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. तिसरे कलम सर्व कुळांसाठी आहे, आणि त्याचा लाभ आम्हांस ख्रिस्ताच्या द्वारे मिळाला असे कोणी म्हटले तर मूळ लेखात त्यास अडथळा नाही. हा पक्ष उत्तम रीतीने मांडला आहे तोही पौलानेच, पण गलतीकरांच्या पत्रात नव्हे, इ. स. ५७ च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत. येथे इस्राएलाच्या हक्कांची यादी देताना तो दत्तकपण, करार आणि अभिवचने त्यांची आहेत, असे वर्तमानकाळात म्हणतो. होती असे म्हणत नाही. अन्य राष्ट्रीयांना तो रानटी जैतुनाच्या फांद्या म्हणतो, ज्यांचे लागवडीच्या झाडावर कलम झाले आहे, आणि मोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नका असे त्यांस बजावतो. कारण मूळ तुम्हांस धरून आहे, तुम्ही मुळास नव्हे. परमेश्वराची दाने व पाचारण कधीही परत घेतली जात नाहीत, हा त्याचा शेवटचा निवाडा आहे.

आपल्या वाचकांना येथे एक शंका येईल. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे औरस पुत्र हयात असता दत्तक घेता येत नाही. १९५६ च्या कायद्यातही पुत्र, पौत्र वा प्रपौत्र असता पुत्र दत्तक घेण्यास मनाई आहे. तेव्हा दत्तक आला म्हणजे औरस उरला नाही, असे अनुमान आपले मन सहज काढते. परंतु रोमन कायद्यात औरस असतानाही दत्तक घेता येत असे. सम्राट क्लॉडियसने ब्रिटानिकस हा पुत्र असताना इ. स. ५० मध्ये नीरोस दत्तक घेतले होते. दत्तक गादीवर बसला, आणि ५५ साली ब्रिटानिकस भोजनाच्या पंगतीत मरण पावला. नीरोने त्यास विष घातले असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. पौलाचे पत्र रोमला पोचले तेव्हा नीरोचेच राज्य चालू होते. दत्तकास औरसाबरोबर वाटा मिळतो, औरसाचा काटा काढण्याचा परवाना मिळत नाही, हे त्या नगरीत वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुर्दैवाने पुढच्या पिढ्यांनी पौलाची ताकीद बाजूला ठेवली. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिनने ट्रायफो या ज्यूशी झालेला संवाद लिहून ख्रिस्ती लोकच खरे इस्राएल, असे प्रतिपादन केले. त्याच काळात मार्सियन ज्यूंचे ग्रंथ सर्वस्वी टाकून द्या असे म्हणत होता. रोमच्या चर्चने त्यास बहिष्कृत केले. ग्रंथ ठेवावयाचे, पण ज्यांचे ग्रंथ त्यांना बेवारस ठरवावयाचे, अशी चमत्कारिक स्थिती यातून निर्माण झाली. ऑगस्टिनने ज्यूंना मारू नका असे सांगितले खरे, परंतु ते आमच्या ग्रंथांचे भारवाही साक्षीदार आहेत म्हणून. जिवंत वारस केवळ दप्तरदार होऊन राहिला.

या विषयाचा धागा गोमंतकापर्यंत येऊन पोचतो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. अब्राहाम, मोशे आणि दावीद यांच्या कथा मराठी ओवीत प्रथम आल्या त्या या ग्रंथात. भाषेवरील त्यांचे प्रेम आणि ओवीवरील प्रभुत्व यांविषयी दुमत नाही. परंतु ग्रंथाची रचना पाहावी: 'पैलें पुराण' इस्राएलाचे, 'दुसरें पुराण' ख्रिस्ताचे, आणि मूळ पोर्तुगीज मथळा मात्र केवळ ख्रिस्ताच्या आगमनाचा. एका राष्ट्राचा सारा इतिहास येथे दुसऱ्याच्या घराची ओसरी झाला आहे.

आणि स्टीफन्स आले त्याच्या पुढल्याच वर्षी, १५८० मध्ये, याच गोव्यात गार्सिया द ऑर्ता यांची हाडे उकरून जाळण्यात आली. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला होता. १५६८ मध्ये ते वारले. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू कुळातले असल्याने गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा आरोप त्यांच्यावर मरणोत्तर शाबीत धरण्यात आला. त्यांची बहीण काटारिना हिला तर १५६९ मध्येच जिवंत जाळले होते. इन्क्विझिशनच्या या क्रौर्यामागे राजसत्ता, मत्सर आणि मालमत्तेचा लोभ हेही होते; केवळ एका सिद्धांतावर सर्व दोष टाकणे योग्य नव्हे. तथापि ज्यास शास्त्राने बेवारस ठरविले, त्याच्यावर हात टाकताना सत्तेस संकोच वाटत नाही, हेही तितकेच खरे. त्या न्यायासनाची झळ आपल्या पूर्वजांनीही सोसली असल्याने हे आपणांस निराळे सांगावयास नको.

चर्चने आपली भूमिका अलीकडे सुधारली, याची नोंद करणे न्यायाचे आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेत, ज्यू हे परमेश्वराने टाकलेले वा शापलेले आहेत असे दाखवू नये, असे स्पष्ट सांगण्यात आले. आणि २०१५ मध्ये निघालेल्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाचे शीर्षकच रोमकरांच्या पत्रातील त्या निवाड्यावरून घेतलेले आहे. दुसऱ्या बाजूस, एकोणिसाव्या शतकातील डार्बीपासून चालत आलेला एक प्रॉटेस्टंट पंथ इस्राएल आणि चर्च यांची खाती अजिबात वेगळी ठेवतो आणि भूमीचे कलम आजच्या राज्याच्या सीमांना शब्दशः लावू पाहतो. भूमीचे वचन हे रूपक नाही, हे खरे. १९४८ नंतर आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले ते रूपकाकडे गेले नाहीत. परंतु त्याच भूमीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या अरबांचा हक्क हा वेगळा दावा आहे, आणि जे त्यात पक्षकार नव्हते त्यांच्यावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या दानपत्राने हुकूमनामा बजावता येत नाही.

हे सर्व वाचून आपण स्वतःस निर्दोष मानू नये. आपल्या पुराणकारांनीही बुद्धास अवतारमालिकेत स्थान दिले, आणि तो असुरांना मोह पाडण्यासाठी अवतरला असे भागवतात लिहून ठेवले. मान देऊन हक्क काढून घेण्याची ही युक्ती सर्व धर्मांना साधलेली आहे. दुसऱ्याच्या ग्रंथात आपल्यासाठीही काही सापडले तर ते कृतज्ञतेने घ्यावे. त्यात पाप नाही. पाप आहे ते घेतल्यावर दात्याच्या मुलास दाराबाहेर उभे करण्यात. अब्राहामाच्या वचनात ख्रिस्ती श्रद्धावंतास सहवारसाची जागा आहे, हा हक्क मूळ लेखावरून शाबीत होतो. एकमेव वारस असल्याचा दावा मात्र खर्चासह फेटाळण्याजोगा आहे.