टीकप: माप नसलेलं नाव

'अलिबागहून आलायस का?' हा टोमणा आपल्यापैकी प्रत्येकाने खाल्लाय. 2019 साली त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकासुद्धा गेली आणि फेटाळली गेली. ठीक आहे. पण आज ज्या जाहिरातींबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्यांना भुलणारा माणूस बहुधा मांडव्याच्या धक्क्याच्या पलीकडून येतो, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

जाहिरात कुत्र्याच्या पिल्लाची. मजकूर असा काही नसतोच. चहाच्या कपात बसवलेलं पिल्लू, खाली 'टीकप पॉम' किंवा 'टीकप शित्झू', 'इम्पोर्टेड लाइन', 'आयुष्यभर एवढाच राहील', आणि पाच आकडी, कधी सहा आकडी किंमत.

न्यायदर्शनात उपमान नावाचं प्रमाण आहे. गवय म्हणजे काय, हे नगरातल्या माणसाला ठाऊक नाही. जाणकार सांगतो, तो गाईसारखा असतो. मग हा रानात जातो, प्राणी बघतो, साम्य पटतं आणि नावाचा अर्थ कळतो. यात दोन अटी आहेत. सांगणाऱ्याला प्राणी माहीत हवा, आणि ऐकणाऱ्याला पुढे तो दिसायला हवा. टीकपच्या जाहिरातीत दोन्ही गायब. कपाशी साम्य आहे ते सहा आठवड्यांच्या पिल्लाचं. त्या वयात पुष्कळ जातींचं पिल्लू कपात मावेल! विकलं जातं मात्र पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं वचन. वर्षभराने तो चार किलोंचा होतो, तेव्हा विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

'टीकप' ही जात नाही, पोटजातही नाही. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे अशी नोंद होत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात चिवावाचं वजन सहा पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 2.7 किलोंपेक्षा, जास्त नसावं असं म्हटलंय. त्याखाली टीकप असा वेगळा वर्ग नाही. आता आपल्या पांढऱ्या कांद्याकडे बघा. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडचा कांदा माळ विणून 'अलिबागचा' म्हणून कुणी विकला, तर त्याला जाब विचारता येतो, कारण त्या नावामागे आता नोंद आहे, सीमा आहे. पन्नास-साठ हजारांच्या पिल्लाच्या नावामागे मात्र काही नाही.

नावांचा हा घोळ जुना आहे म्हणा. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी ज्याला आपण 'पॉमेरियन' म्हणायचो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. 'हम आपके हैं कौन'मधला टफीही तोच. मग खरा पॉमेरेनियन आला तेव्हा 'पॉम' हे नाव आधीच खर्ची पडलेलं. म्हणून 'टॉय पॉम', 'कल्चर पॉम', आणि तेही स्वस्त झाल्यावर टीकप.

सगळ्या जाहिरातींना आम्ही एकाच मापाने मोजत नाही. 2003 मधली हचची पग आणि मुलाची जाहिरात आठवते ना? तिने कुत्रा विकला नव्हता, खोटंही सांगितलं नव्हतं. पगची मागणी मात्र तिच्यामुळे वाढली, आणि चपट्या नाकाचा, दमट उन्हात धापा टाकणारा तो जीव कोकण किनाऱ्यावरही आला. तिथे दोष असेल तर अविचाराचा. इथे उणीव हाच गुण म्हणून विकला जातो, आणि तो आम्हाला जास्त गंभीर वाटतो.

कारण लहानपण आणायचं कसं? विणीतलं सगळ्यात अशक्त पिल्लू निवडायचं. नाहीतर पिल्लाला आईपासून लवकर तोडायचं, वय वाढवून सांगायचं, खायला कमी घालायचं. नाहीतर खुरट्याशी खुरटं जोडत राहायचं. अशा पिल्लाचं एक खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरते, झटके येतात. टाळू भरत नाही, गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका चपटी होते. आईला बाळंतपण झेपत नाही, पोट फाडावं लागतं. फोटोत ती आई कधीच नसते.

कायदा नाही असं नाही. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्री पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त बाळंतपणं करता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगतो. पण त्यासाठी विकणारा सापडायला हवा, आणि हा तर फोन नंबरापुरताच असतो. फसलेला माणूसही लाजेखातर गप्प बसतो.

तेव्हा कुणाला पिल्लू घ्यायचंच असेल तर किंमत नंतर विचारा. आधी नोंदणीचा कागद बघा, आई दाखवा म्हणा, तिचं वजन करायला लावा. पिल्लाचं तोंड उघडून बघा: आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे 28 दात साधारण आलेले असतात, लहान जातींत थोडा उशीर होतो. हिरड्या अगदीच मोकळ्या दिसल्या, तर सांगितलेल्या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका.