पालखीतील गाडी, रिकामा गाभारा

संगणकावरील शर्यतीच्या खेळांविषयी आमच्या नियतकालिकांतून सहसा लिहिले जात नाही. मुलांचा वेळ खाणारी वस्तू एवढीच त्यांची संभावना होते आणि विषय तेथेच मिटतो. परंतु या खेळांचा एक दावा असा आहे की, तो ऐकून कोणाही वकिलाने कान टवकारावेत. पडद्यावर धावणारी गाडी ही खरी गाडी आहे. तिची शक्ती, तिचे वजन, तिचा वेग हे सारे प्रत्यक्षातील गाडीचेच आहे, असे हे खेळ सांगतात. १९९७ साली जपानच्या ‘ग्रान टुरिस्मो’ने या दाव्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, पुढे ‘फोर्झा’ मालिकेने तो आपलासा केला. आता, जेथे दावा आला तेथे पुरावा मागणे ओघानेच आले.

साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगावे, दुसऱ्याकडून ऐकलेले सांगू नये, हा दंडक १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. या कसोटीवर खेळातील आकडा कोठे बसतो? खेळ रचणारे गाडीची छायाचित्रे घेतात, इंजिनाचा आवाज मुद्रित करतात. ही झाली प्रत्यक्ष साक्ष. पण शक्तीचा आकडा बहुधा कारखान्याच्या पत्रकातून उचललेला असतो. तो ऐकीव पुरावा होय.

ऐकीव पुरावा किती फसवा असू शकतो, याचे उदाहरण जपाननेच घालून दिले आहे. १९८९ पासून २००४ पर्यंत तेथील कारखानदारांत एक अलिखित समझोता होता: कोणीही आपल्या गाडीची शक्ती २८० अश्वशक्तीहून अधिक जाहीर करावयाची नाही. निसानची स्कायलाइन जीटी-आर कागदावर २८० ची. प्रत्यक्ष मोजणीत मात्र ती ३०० च्या पुढे जाई. आता ज्या खेळाने कागद इमानाने उतरविला, त्याने कारखान्याचा संकोचही उतरविला असे म्हणावे लागेल. नक्कल बिनचूक आणि मजकूर खोटा, अशी ही स्थिती. तथापि तेथे निदान गाडी होती. ज्याला शंका आली त्याला ती मोजून पाहता येत होती.

आमच्याकडचे उदाहरण याहून विलक्षण आहे. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात टाटा मोटर्सने ‘रेसिमो’ नावाची दोन आसनी शर्यती गाडी मांडली. इंजिन १.२ लिटरचे, तीन सिलिंडरांचे, टर्बो जोडलेले. शक्ती १९० मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १४० किलोवॅट. ओढ २१० न्यूटन-मीटर. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६ सेकंदांच्या आत. त्याच वेळी असेही जाहीर झाले की, मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा होरायझन ३’ या खेळातून ती जगापुढे येईल आणि असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय गाडी ठरेल. मराठी माणसाचा ऊर भरून यावा अशीच ती वार्ता होती. पुढे काय झाले? प्रकल्प गुंडाळला गेला. गाडी विक्रीस आलीच नाही.

आमच्या देवस्थानांतून उत्सवमूर्ती पालखीत बसून गावात फिरते. तिला आपण हात जोडतो, कारण गाभाऱ्यात मूळ मूर्ती आहे हे आपणास ठाऊक असते. रेसिमोच्या बाबतीत पालखी सजली, वाजंत्री वाजली, आणि गाभारा रिकामाच राहिला. ‘ताशी १०० किलोमीटर ६ सेकंदांत’ हे विधान खरे की खोटे, हे आता कोणी सांगावे? ज्या गाडीची एकही प्रत गिऱ्हाइकाच्या हाती गेली नाही, तिची उलटतपासणी करावयाची कशी? अशा ठिकाणी अचूकता या शब्दाला अर्थच उरत नाही. उरते ते केवळ वचनाशी इमान.

वास्तवाच्या आधी खेळ आला म्हणून तो खोटा ठरतो, असे मात्र नव्हे. ‘एफ १ २०११’ हा खेळ सप्टेंबर २०११ मध्ये निघाला आणि त्यात ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट होते. तेथील पहिली शर्यत व्हावयाची होती ३० ऑक्टोबरला. पण ती झाली, ५.१२५ किलोमीटरची वाट जगाने पाहिली आणि खेळातील वळण प्रत्यक्ष वळणाशी ताडून पाहता आले. हुंडी आधी लिहिली गेली खरी, पण ती वटली. रेसिमोची वटली नाही.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगा ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४४ वर धावणाऱ्या साध्या मालमोटारीलाही नोंदणीपुस्तक लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. आणि १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ मालकास बजावते की, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करू नये. पाटीवर एपी ०१ असो, टीएस ०१ असो वा २०२४ पासूनचे टीजी ०१ असो, पुस्तकातील आकड्यामागे कोणाची तरी सही असते. खेळातील आकड्यामागे कोणाची सही?

‘अहो, हा खेळ आहे, प्रतिज्ञापत्र नव्हे,’ असे कोणी म्हणेल. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. २००७ च्या निसान जीटी-आरच्या दर्शनी पडद्याची रचना ‘ग्रान टुरिस्मो’च्या कर्त्यांनीच केली होती. निसानच्या ज्या स्पर्धेने २००८ ते २०१६ या काळात घरबसल्या खेळणाऱ्यांना खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसविले, तिच्याही पाठीशी हाच खेळ होता. २०११ चा विजेता यान मार्डनबरो पुढे व्यावसायिक शर्यतपटू झाला. ज्यांना सत्याची प्रतिष्ठा हवी, त्यांनी सत्याची जबाबदारी नाकारू नये.

आमची मागणी मोठी नाही. आकड्याशेजारी एकच शब्द छापावा: ‘मोजलेला’ किंवा ‘सांगितलेला’. एवढ्याने खेळाची गोडी उणावणार नाही, आणि आमच्या मुलांना पराक्रम आणि पराक्रमाची जाहिरात यांतला भेद अनायासे कळेल. हा भेद कळणे किती निकडीचे आहे, हे रेसिमोच्याच कथेवरून दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फोर्झा होरायझन ३’ची विक्रीही थांबली. रस्त्यावर जी गाडी कधी आली नाही, तिच्यासाठी जाहीर झालेला पडद्यावरचा आसराही अशा रीतीने नव्या गिऱ्हाइकाला बंद झाला. मागे राहिले ते आकडे; ते आजही मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. सांगणाऱ्याने त्यांच्यापुढे ‘सांगितलेले’ हा शब्द जोडावा, इतकेच.