पानिपतचे आरोपी

पानिपतावर ज्याचे काही मत नाही असा मराठी माणूस मला अद्याप भेटावयाचा आहे. आमच्या गावच्या वाचनालयात दर संक्रांतीच्या सुमारास हा खटला नव्याने उभा राहतो. पोस्टातले निवृत्त कारकून, एक कापडवाले, आम्ही दोघे-तिघे मास्तर. रणांगण कुणीच पाहिलेले नाही. पण होळकर केव्हा निघाले, विंचूरकर-गायकवाड इब्राहिमखानाच्या तोफांचा आसरा सोडून पुढे का धावले, यावर चहा गार होईपर्यंत आम्ही भांडतो. तिळगूळ खाऊनही गोड बोलत नाही!

या हौशी मंडळींना मी हसण्यावारी नेत नाही. जुने कागद उजेडात आणले ते पुष्कळसे अशाच लोकांनी. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरल्या वेळात पटवर्धनांचे दप्तर वाचीत. त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून निघू लागला. पुढच्याच वर्षी राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपतपूर्वीच्या दहा-अकरा वर्षांची पत्रे त्यात आहेत. माझी तक्रार आहे ती याच खंडाविषयी, आणि ती करताना मला स्वतःचाही कान धरावा लागणार आहे.

या खंडाची प्रस्तावना म्हणजे वकिलाचे भाषण. गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांना राजवाडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, आणि त्यांची भाषा अशी तेजस्वी की वाचणारा तेथेच शिक्षा ठोठावून मोकळा होतो. मीही झालो. माझ्या कादंबरीत मी गोविंदपंताला ढेरपोट्या, मोहरा मोजणारा म्हातारा केला. प्रस्तावनेमागची पत्रे मी त्या वेळी चाळली होती, वाचली नव्हती.

वाचावयास लावले ते सातवीतल्या एका मुलीने. फळ्यावर मी दोन्ही फौजा खडूने मांडल्या होत्या आणि आवाज चढवून गोलाची लढाई सांगत होतो. ती उठून म्हणाली, “गुरुजी, आमच्या दोन म्हशींना चैतात कडबा पुरत नाही. भाऊसाहेबांची एवढी घोडी काय खात होती?” मी तिला बस म्हटले. उत्तर येत नसले म्हणजे मास्तर दुसरे काय करतो?

रात्री तो खंड काढला. भाऊसाहेबांची पत्रे गोविंदपंताला वारंवार काय मागतात? पैसा, रसद, नावा. १७६० च्या पावसाळ्यात यमुना उतरावयास नावा हव्या होत्या. नदीला पूर आला आणि तो बेत बुडाला. अब्दाली पलीकडे अनूपशहराला छावणी करून बसला होता. ज्या अंतर्वेदीतून गोविंदपंताने वसूल गोळा करून पाठवावयाचा, तिथेच शत्रू पाय पसरून बसलेला! ऑक्टोबरात कुंजपुरा हाती आला, तेथे धान्यही सापडले. पण त्याच महिन्यात अब्दालीने बागपताशी यमुना उतरून दिल्लीची वाट अडवली. पुढे दोनअडीच महिने लढवय्यांबरोबर बायका, यात्रेकरू, बुणगे एका खंदकाआड कोंडून पडले. चारा संपला, घोडी मरू लागली. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेला म्हातारा गोविंदपंत डिसेंबरात अचानक पडलेल्या छाप्यात ठार झाला. १४ जानेवारी १७६१ ला जे लढावयास निघाले ते उपाशी होते.

गोविंदपंत निर्दोष होता असे मी म्हणत नाही. दिरंगाईचा ठपका त्याच्यावर भाऊंनीच ठेवला आहे. पण ज्या राजवाड्यांनी एवढे कष्ट करून ही पत्रे छापली, त्यांनीच प्रस्तावना अशी लिहावी की पत्रे वाचण्याची गरजच वाटू नये, हे मला सोसत नाही. बखरकाराला दोष देता येत नाही. त्याला रुसवेफुगवेच रंगवावयाचे असतात. राजवाड्यांनी तर बखरी पारखून घ्या म्हणून आपणांस शिकवले.

यंदा वाचनालयात मी चाऱ्याचा विषय काढला. दोन मिनिटे सगळे गप्प बसले. मग कापडवाले म्हणाले, “ते खरे हो मास्तर, पण होळकरांचे काय?”

तेथल्या माझ्या कादंबरीच्या प्रतीत, गोविंदपंताच्या प्रकरणाशेजारी, कुणीतरी पेन्सिलीने ‘शाबास’ लिहिले आहे. पूर्वी ते मला आवडे. परवा खिशात रबर घालून गेलो, तर पुस्तक बाहेर गेले होते.