लग्नानंतर सुरू होणारी कादंबरी

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कौटुंबिक कादंबरी बहुधा विवाहापाशी येऊन थांबते. जेन ऑस्टिनच्या 1813 सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये ओळख, गैरसमज, नकार आणि पुनर्विचार अशा टप्प्यांनी कथा पुढे सरकते, आणि नायक-नायिकांनी एकमेकांची पुरेशी पारख केली की लेखिकेचे काम संपते. मराठी कादंबरीला ही रचना सुरुवातीला मिळूच शकत नव्हती, कारण ज्या पांढरपेशा समाजातून तिचे लेखक आणि वाचक आले, त्यात मुलीचा विवाह आठव्या-दहाव्या वर्षी होत असे आणि तो ठरवणारी माणसे व तो करणारी माणसे वेगळी असत. नारो सदाशिव रिसबूड यांनी 1868 मध्ये 'मंजुघोषा' या अद्भुतरम्य कादंबरीच्या प्रस्तावनेत या अडचणीची कबुलीच दिली आहे. आपल्याकडील विवाहपद्धतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोरंजक असे गुण वा दुर्गुण आढळत नाहीत, म्हणून वास्तवाचे वर्णन करू जाता ते नीरस होते आणि अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे निदान अर्धे बरोबर होते. विवाहापूर्वीच्या आयुष्यात कथानक नव्हते हे खरे. परंतु विवाहानंतरच्या आयुष्यात ते विपुल होते, आणि रिसबुडांच्या अकरा वर्षे आधीच एका लेखकाने ते शोधूनही काढले होते.

बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी 1857 सालची, म्हणजे विधवाविवाहाला मान्यता देणाऱ्या 1856 च्या कायद्याच्या पाठोपाठ आलेली. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, भेटलेल्या विधवांच्या हकिकती ऐकते आणि पुढे स्वतःही विधवा होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारून तिने केलेल्या दुसऱ्या विवाहापाशी कथा पूर्ण होते. धर्मप्रसाराचा हेतू यात उघड आहे आणि पात्रे अनेकदा हेतूच्या मागे फरपटत जातात. तरीही विवाह हा कथेचा शेवट नसून तिचा विषय होऊ शकतो, ही सूझ पदमनजींची आहे, आणि मराठी समीक्षेने तिचे श्रेय त्यांना हात राखूनच दिले आहे.

या सूझेला कलात्मक रूप दिले ते हरिभाऊ आपटे यांनी. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. त्या वेळी रखमाबाई आणि दादाजी भिकाजी यांच्यातील खटल्याने उठवलेले वादळ ताजे होते. बालपणी झालेल्या विवाहाच्या आधारे पत्नीला नांदायला भाग पाडता येते का, हा त्या खटल्यातील प्रश्न होता. मुलीच्या शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारावर नेणारा संमतिवयाचा कायदाही 1891 मध्ये होऊ घातला होता. वर्तमानपत्रांतून या विषयावर शास्त्राधार, आकडे आणि शिव्या यांची देवाणघेवाण चालू असताना आपटे यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी नायिका यमूला स्वतःची हकिकत स्वतः सांगायला लावली. प्रथमपुरुषी निवेदनामुळे, म्हणजे पात्रानेच 'मी' म्हणून कथा सांगण्याच्या पद्धतीमुळे, वाद घालणारा मध्यस्थ नाहीसा झाला आणि माजघरातील बोलणे, टोमणे, रुसवे, सोवळेओवळे हे सारे कादंबरीचे द्रव्य बनले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर यमूचे सक्तीने केलेले केशवपन हा त्या कादंबरीतील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग असला, तरी तिची खरी ताकद त्याआधीच्या शेकडो बारीक प्रसंगांत आहे, कारण रूढीचा जुलूम एका दिवशी कोसळत नाही, तो रोजच्या जेवणाखाण्यातून आणि मानपानातून मुरत जातो, हे त्या प्रसंगांतून दिसते.

या कादंबरीतील सुखाचा काळ मुंबईतील बिऱ्हाडाचा आहे. एकत्र कुटुंबाच्या नजरेआड यमू आणि तिचे पती रघुनाथराव यांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलता येते, आणि मराठी कादंबरीतील पहिली विश्वसनीय प्रेमकथा अशा रीतीने लग्नानंतर कित्येक वर्षांनी, घर बदलल्यावर सुरू होते. तिचे स्वरूप मात्र शिकवणीचे आहे. नवरा समजावतो, पत्नी शिकते. नवरा नव्या विचारांचा, पत्नी त्या विचारांची पहिली विद्यार्थिनी. हे चित्र काल्पनिक नव्हते. 1873 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झालेल्या रमाबाईंनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहिण्यावाचण्याचे धडे आणि त्यावरून घरातील बायकांनी केलेला छळ यांचे जे वर्णन केले आहे, ते आपटे यांच्या कादंबरीशेजारी ठेवून वाचावे असे आहे. सुधारणेचा हा आदर्श उदात्त होता यात शंका नाही, पण त्यात शिष्येने गुरूशी असहमत होण्याची सोय नव्हती. आपटे यांना हे जाणवले नसावे. यमूचे रघुनाथरावांशी मतभेद झाले असते तर कादंबरी कोणत्या दिशेला गेली असती, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही विचारलेला नाही.

असहमतीला जागा मिळाली ती वामन मल्हार जोशी यांच्या 'रागिणी'त (1915). तिथे पतिनिष्ठ रागिणीच्या समोर स्त्रियांच्या हक्कांसाठी वाद घालणारी उत्तरा उभी आहे. अशा वादांमुळे ही तत्त्वचिंतनात्मक कादंबरी म्हणून ओळखली जाते, म्हणजे प्रसंगांपेक्षा पात्रांच्या चर्चेतून पुढे जाणारी. या चर्चा आज लांबलेल्या वाटतात आणि लेखकाचे झुकते माप रागिणीकडे आहे हेही लपत नाही. काशीबाई कानिटकर यांच्या 'पालखीचा गोंडा' (1928) या कादंबरीने निराळी युक्ती केली: काल्पनिक संस्थान रचून तेथील कारभार स्त्रियांच्या हाती दिला. वास्तवात न मिळणारा अधिकार कल्पनेत देऊन पाहण्याचा हा प्रयोग दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुलींच्या लग्नाचे वय वाढले, काही घरांतील मुली महाविद्यालयात गेल्या, आणि रिसबुडांनी ज्याचा अभाव सांगितला होता ते विवाहपूर्व आयुष्य मराठीत प्रथमच निर्माण झाले. ना. सी. फडके यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. 'दौलत' (1929) किंवा 'अटकेपार' (1931) यांतील सुशिक्षित, सुखवस्तू तरुण-तरुणींच्या प्रेमात अडथळे येतात, गुंता होतो आणि तो कौशल्याने सुटतो. रचनेच्या दृष्टीने फडके वाखाणण्याजोगे कारागीर होते. परंतु ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत उत्पन्न, वारसाहक्क आणि अविवाहित राहण्याची भीती यांचा जो सतत हिशेब चाललेला असतो, तो फडक्यांच्या जगात जवळजवळ नाही, आणि त्यामुळे त्यांच्या नायिकांची निवड स्वतंत्र असूनही हलकी राहते.

तो हिशेब मांडला विभावरी शिरूरकर यांनी. या टोपणनावाने मालती बेडेकर (पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे) यांनी 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला आणि त्यावरून मोठी खळबळ उडाली. या कथांतील मुली शिकलेल्या आणि मिळवत्या आहेत. त्यांच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे चालतात, आणि म्हणूनच त्यांच्या लग्नाची घाई घरात कोणालाच नसते. सुधारकांनी शिक्षणाला मुक्तीचे साधन मानले होते. हेच साधन कुटुंबाच्या सोयीचे कसे बनते, हे या कथांनी आतून दाखवले. शिकवणारा पुरुष इथे उरलेला नाही, आणि त्याच्याविना स्त्री काय बोलते हे ऐकण्याची वाचकांची तयारी नव्हती. 1934 च्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीत नवऱ्याने टाकलेली अचला विवाहाबाहेर प्रेम आणि मातृत्व शोधते. तिच्या कोंडीचा निम्मा भाग मानसिक आणि निम्मा कायद्याचा आहे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला 1946 मध्ये बंदी झाली आणि घटस्फोटाचा कायदा 1947 मध्ये आला. म्हणजे कादंबरी लिहिली गेली तेव्हा नवऱ्याला दुसरे लग्न करता येत होते, पत्नीला पहिल्यातून सुटता येत नव्हते. हे ध्यानात न घेता अचलेला केवळ बंडखोर ठरवणे हे उथळ वाचन आहे.

ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर यांची 'ब्राह्मणकन्या' (1930) याच सुमाराची. आजोळच्या कलंकामुळे जिला ब्राह्मण स्थळ मिळणे कठीण, ती कालिंदी शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर विवाहाविना राहते. केतकरांची रचना विस्कळीत आणि भाषा रुक्ष आहे, पण विवाह ही जातीची सीमा राखणारी व्यवस्था आहे हे त्यांच्याइतके स्पष्टपणे त्या काळच्या कोणत्याही ललित लेखकाने पाहिले नाही. जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी 1909 मध्येच इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता.

केतकरांचे हे भान मागील सर्व परंपरेवर उलटून पाहिले, की तिचा एक मोठा संकोच दिसू लागतो. विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी आणि केशवपन हे मुख्यतः ब्राह्मणांचे आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींचे प्रश्न होते. इतर अनेक जातींत 'पाट' किंवा 'मोहतूर', म्हणजे विधवेचा दुसरा विवाह, आणि 'काडीमोड', म्हणजे रूढीने मान्य असलेला घटस्फोट, पूर्वापार चालत आले होते. तिथली स्त्री सुखी होती असे यातून सिद्ध होत नाही, पण तिचे दुःख निराळे होते, आणि सुमारे शंभर वर्षे मराठी कादंबरीने त्याची फारशी दखल घेतली नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'त (1952) कोकणातल्या गावाची मर्यादा ओलांडून बापू राधेबरोबर राहू लागतो तेव्हा विवाहाचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माजघरातून बाहेर पडतो. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (1960) तर तो संपूर्णपणे पोटाशी जोडला जातो. वऱ्हाडातील शिंपी घरातील कौतिकपुढे पती कसा हवा हा प्रश्न नाही. कर्तृत्वहीन महादेवासह मुलांना दोन वेळचे कसे मिळेल हा आहे. यमूच्या हकिकतीत दारिद्र्याला जागा नव्हती, कौतिकच्या हकिकतीत सुधारणेला नाही, आणि दोघींना एकाच विवाहसंस्थेच्या इतिहासात बसवणारी समीक्षा मराठीत अजून तुरळकच आहे.