क्षितिज नावाची फाइल

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी यावर रात्र रात्र भांडणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. या भांडणाला साहित्यात जागा मिळवून दिली ती नील स्टीफन्सन या अमेरिकन विज्ञानकथाकाराने. ‘इन द बिगिनिंग... वॉज द कमांड लाइन’ हा त्याचा लांबलचक निबंध १९९९ साली आधी इंटरनेटवर आणि मग पुस्तकरूपाने आला. नवा लॅपटॉप घेण्याआधी हा वाच, असं सांगणारे लोक अजून भेटतात. मीही तसं सांगायचो. अलीकडे तो पुन्हा वाचला तेव्हा एका जागी अडखळलो. पहिल्या वाचनात ती जागा मला दिसलीही नव्हती.

निबंधातली सगळ्यांच्या लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे रस्त्यालगतची गाड्यांची दुकानं. एका दुकानात मोठ्या, बेढब स्टेशन वॅगन विकतात, तिथे सगळ्यात जास्त गर्दी. ते विंडोज. दुसऱ्यात देखण्या, महागड्या गाड्या, पण बॉनेट कायमचं सीलबंद. ते मॅक. तिसऱ्यात बॅटमोबिल, म्हणजे बीओएस. आणि शेजारच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून बसलेली काही माणसं उत्तम रणगाडे बनवतात आणि किल्ली आत ठेवून फुकट वाटतात. ते लिनक्स. बिघडला तर आम्ही घरी येऊन दुरुस्त करू, असं ती माणसं ओरडून सांगतात. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या घराजवळ फिरकू नका. आणि जाऊन स्टेशन वॅगन घेतं.

हसू येतं, आणि हसता हसता पटतंही. ऑपरेटिंग सिस्टिमची निवड म्हणजे स्वभावाची निवड, ही कल्पना त्याआधीही कुणाकुणाला सुचली होती. उंबेर्तो एकोने १९९४ मध्ये एका इटालियन साप्ताहिकातल्या सदरात मॅकला कॅथलिक आणि डॉसला प्रोटेस्टंट ठरवलं होतं. पण एकोचा विनोद एका पानात संपतो. स्टीफन्सन त्याच्या कितीतरी पुढे जातो.

मला त्यातला सगळ्यात सकस भाग ड्रिल मशीनचा वाटतो. बांधकामावरचं ‘होल हॉग’ नावाचं एक दांडगं ड्रिल तो वर्णन करतो. घरगुती ड्रिल अडकलं की थांबतं. हे थांबत नाही. ते सांगितलेलं काम करतं, आणि भोक पाडायची वस्तू हलत नसेल तर ते धरणाऱ्यालाच फिरवतं. युनिक्स असं आहे, असं तो म्हणतो. चुकीच्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘आरएम’ची आज्ञा दिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. युनिक्सला तो हॅकर लोकांचं मौखिक महाकाव्य म्हणतो, गिलगमेशसारखं. तोंडातोंडी चालत आलेलं, प्रत्येकाने आपली भर घातलेलं. आपल्याकडच्या वाचकाला इथे जात्यावरच्या ओव्या आठवायला हरकत नाही.

त्यातलं शिळं झालेलं काय, ते पटकन सांगून टाकतो. बीओएसची कंपनी २००१ मध्ये विकली गेली. त्याच वर्षी अ‍ॅपलने मॅक ओएस एक्स आणली, म्हणजे सीलबंद गाडीतच युनिक्सचं इंजिन बसवलं. स्वतः स्टीफन्सन मॅकवर परत गेला आणि आपल्या निबंधातलं बरंच काही आता कालबाह्य झालंय, असं त्याने २००४ मध्ये मोकळेपणाने मान्य केलं. २०१६ पासून विंडोजमध्येही लिनक्सची साधनं चालवता येतात. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्याही तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. गिऱ्हाइकाने नाकारलेला रणगाडा त्याच्या खिशात जाऊन बसला. ही गंमत निबंधात येऊ शकली नाही, पण तो काही लेखकाचा दोष नव्हे.

दोष वेगळा आहे. निबंधाचा खरा युक्तिवाद चित्र विरुद्ध शब्द असा आहे. खिडक्या आणि चिन्हं तुमच्या आणि मशीनच्या मध्ये उभी राहतात, कमांड लाइनवर मात्र तुम्ही शब्दाने थेट बोलता. आणि साधी आस्की मजकुराची फाइल ही तारेसारखी असते: नटवेपणा नाही, पण चिरंतन, कुठल्याही मशीनवर उघडणारी. तो हे इतक्या प्रेमाने लिहितो की कुणाचा शब्द, हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून मी एक साधी गोष्ट करून पाहिली. लिनक्सवर ‘क्षितिज’ नावाची फाइल बनवली. आपल्या डोळ्यांना ही तीन अक्षरं. युनिकोडमध्ये ते सात घटक होतात: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. युटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. त्यातली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी आधी. टर्मिनल मात्र पडद्याला चौकटींचा कागद समजतं आणि ही चौकट कुणाची, ती कुणाची असं वाटप करत जातं. माझ्या टर्मिनलमध्ये क्ष फुटला, वेलांट्या भलतीकडे गेल्या, आणि खोडायला गेलो तर कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. मग ‘गिट स्टेटस’ दिलं. गिट त्याच्या मूळ सेटिंगवर आस्कीबाहेरचं नाव अक्षरांत दाखवतच नाही. तिरकी रेघ आणि तीन आकडे, असे एकवीस गट समोर आले. तीच फाइल खिडकीतल्या फाइल मॅनेजरमध्ये पाहिली, तर ‘क्षितिज’ स्वच्छ, जसं असावं तसं.

म्हणजे स्टीफन्सनच्या मांडणीत जी जागा शब्दाची, तिथे माझा शब्द मोडला. आणि जी जागा त्याने दिखाऊ ठरवली, तिथे तो नीट उभा राहिला.

निबंध आला त्या १९९९ मध्ये तर परिस्थिती आणखी वाईट होती. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण विंडोजमध्ये तिचा आधार विंडोज २००० पासून आला. तोवर मराठी टायपिंग म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा. तेव्हा मराठी माणसाची ऑपरेटिंग सिस्टिम बरेचदा त्याचा फॉन्टच ठरवायचा. गाड्यांच्या उपमेत हे बसत नाही, कारण तिथे सगळी वाहनं एकाच डांबरी रस्त्यावर धावतात. रस्ताच आपल्या गावापर्यंत आलेला नाही, ही शक्यता दुकानाबाहेर उभ्या असलेल्या लेखकाला सुचणं कठीण होतं.

तंबूतल्या माणसांवर मात्र अन्याय नको. देवनागरीसारख्या लिपीची अक्षरं जुळवणारं हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्याच परंपरेतून आलं. आज ते अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे, तेव्हा हा लेख तुम्ही त्यांपैकी कशावर वाचत असाल तर इथली जोडाक्षरं त्यानेच जुळवली आहेत. स्टीफन्सन ज्याच्यावर लट्टू आहे त्या इमॅक्स एडिटरमध्ये ते २०२० मध्ये आलं. रणगाडेवाल्यांनी रस्ता बांधला खरा, पण स्टीफन्सन जिथे बोट दाखवत होता त्या कमांड लाइनपर्यंत तो अजून नीट पोचलेला नाही.

हे सगळं लिहूनही मी विकासाच्या कामासाठी लिनक्सच वापरतो. सर्व्हरवर तेच असतं, आणि काही बिघडलं तर आत डोकावता येतं. होल हॉगचं आकर्षणही आहेच, ते कशाला लपवू? पण ज्यांचा कोड इंग्रजीत आणि चाचणीचा सगळा डेटा मराठीत, अशा कुणी विचारलं तर हल्ली मी निबंधाची लिंक लगेच पाठवत नाही. दुकानात जाशील तेव्हा टर्मिनल उघडून आपलं नाव टाइप करून बघ, असं सांगतो. नावात जोडाक्षर असेल तर उत्तम.

गिटची सेटिंग मी बदलली, ते एका ओळीचं काम आहे. आकडे गेले. वेलांट्या अजून जागेवर आलेल्या नाहीत.