पानाचा जमाखर्च

वनस्पतींना बुद्धि आहे असें सांगणारीं पुस्तकें अलीकडे पुष्कळ निघूं लागलीं आहेत. त्यांतील दोनचार वाचून झाल्यावर आम्हीं डार्विनचा १८७५ सालचा ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ हा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ मुद्दाम पुन्हा हातीं घेतला.

ग्रंथ रुक्ष आहे, हें कबूल केलें पाहिजे. पहिलीं बारा प्रकरणें ड्रॉसेऱ्याचीं. (आपल्या कासच्या पठारावरील दवबिंदू ही याच कुळांतली.) तिच्या पानांवर मांस, चीज, अंड्यांतील पांढरा भाग, नाना क्षार ठेवून काय होतें याच्या नोंदी वाचतां वाचतां वाचकाचा धीर सुटतो. पण तेराव्या प्रकरणांत अमेरिकेंतील कॅरोलायनांतलें डायोनिया हें झुडूप येतें, आणि लेखणीला रंग चढतो. माशी बसली कीं याचें पान मिटतें. मात्र कडेच्या कांट्यांमधील फटींतून बारीक किडा निसटूं शकतो. हा दोष नव्हे, फायदा आहे, असें डार्विनचें म्हणणें. भक्ष्य पचवितांना पान कित्येक दिवस अडकून पडतें, आणि असे प्रसंग त्याच्या आयुष्यांत थोडेच. मग मुंगीसाठीं तें खर्ची कां घालावें? अमेरिकेहून आलेलीं चौदा पानें त्यानें तपासलीं. दहांत मोठे किडे सांपडले.

साखर हें झाड घरींच, उन्हावर तयार करतें. बाहेरचें खावें लागतें तें नत्रासाठीं, कारण तेथील मातींत तें पुरेसें नाहीं. खानावळींत शिरण्यापूर्वीं शहाणा गृहस्थ खिसा चांचपतो, त्यांतलाच हा प्रकार. पाचकरस सोडण्यापूर्वीं पानाला पांचएक स्पर्श व्हावे लागतात, हें जर्मनींतील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. डार्विनला तें ठाऊक नव्हतें.

नवे लेखक येथेंच घाई करतात. पान मोजतें, म्हणजे तें विचार करतें, असें त्यांना वाटतें. जमाखर्चाचा मेळ बसण्यास मन लागतेंच, हें कोणीं ठरविलें? उपमेचें वावडें डार्विनलाही नव्हतें. १८८० सालच्या ग्रंथांत त्यानें मुळाच्या टोंकाची तुलना क्षुद्र प्राण्यांच्या मेंदूशीं केली आहे. परंतु ती शेवटच्या पानावर, शेंकडों प्रयोग सांगून झाल्यावर. नव्या पुस्तकांत ती मुखपृष्ठावरच असते, आणि झाडाचें झाडपण तेथेंच हरवतें.

ज्यांस हा ग्रंथ वाचावयाचा असेल त्यांनीं तेराव्या प्रकरणापासून आरंभ करावा. ड्रॉसेरा मागाहून वाचला तरी चालेल.